अंतर किती? आधी सांगा, कुठून कुठवर आणि कशाने

प्रश्न थोडक्यात असा: माद्रिद ते बार्सिलोना हे अंतर एका ठिकाणी ४८३ किमी दिसतं, दुसरीकडे ५०५ आणि तिसरीकडे ६२०. विमानाला सव्वा तास लागतो म्हणतात आणि गाडीला सहा. पण विमानाने गेलेल्या माणसाचे घरापासून मुक्कामापर्यंत चार तास गेले. यातला खरा आकडा कोणता, आणि कुठल्याही दोन शहरांसाठी हा हिशेब स्वतःला कसा मांडता येईल?

तिन्ही आकडे खरे आहेत. ५०५ हे दोन शहरांच्या मध्यबिंदूंमधलं सरळ अंतर, ४८३ हे दोन विमानतळांमधलं आणि ६२० हे वाटेतल्या सारागोसा शहरावरून जाणाऱ्या रस्त्याचं. गंमत म्हणजे विमानतळांमधलं अंतर शहरांमधल्या अंतरापेक्षा वीसेक किलोमीटरने कमी भरतं. माद्रिदचा विमानतळ शहराच्या ईशान्येला आहे आणि बार्सिलोनाचा नैऋत्येला, म्हणजे दोन्ही एकमेकांकडे तोंड करून बसलेत. दुसऱ्या एखाद्या जोडीत हे नेमकं उलटंही होईल.

मी आधी बरीच वर्षं विमानांच्या उड्डाण-नियोजनाच्या टेबलावर काढली आणि नंतर ट्रकचे मार्ग आखण्याच्या कामात. दोन्हीकडे लोक अंतर विचारतात, पण त्यांना हवी असते वेळ. आणि वेळ काढताना जवळपास सगळे एकच चूक करतात: प्रवासाचा जो भाग सर्वात वेगवान, त्याच्याकडेच बघत बसतात. वेळ खातात ते हळू तुकडे. हे सूत्र डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

आधी अंतराचं मिटवून टाकू.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंमधली सर्वात छोटी वाट. गोलाच्या केंद्रातून जाणारं प्रतल पृष्ठभागाला जिथे कापतं ते बृहद्वृत्त, आणि आपली वाट म्हणजे त्याचाच एक तुकडा. सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ बहुतेक वेळा ही वाट नसते. आपल्या डोळ्यांना सवय असलेला नकाशा मर्केटरने १५६९ मध्ये जहाजांसाठी आखला. होकायंत्राची दिशा कायम ठेवून जाणारी वाट त्यावर सरळ दिसते, पण अंतरं ध्रुवांकडे ताणली जातात. माद्रिद आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरं साधारण साडेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर आहेत, त्यामुळे नकाशावर वाटतं की नाकासमोर पश्चिमेला जायचं. तसं अक्षांश धरून गेलं तर सुमारे ५,९४० किमी होतात. बृहद्वृत्तावरून गेलं तर विमान मध्यावर ४६ अंशांच्या पुढे चढतं आणि तरी अंतर सुमारे ५,७७० भरतं. उत्तरेचा वळसा वाटतो तीच जवळची वाट. सीटसमोरच्या पडद्यावर विमानाची वाट धनुष्यासारखी वाकलेली दिसते त्याचं मुख्य कारण हेच.

हिशेब करायला दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश पुरतात. हॅव्हरसाइन नावाचं सूत्र पृथ्वीला ६,३७१ किमी त्रिज्येचा चेंडू धरतं. प्रत्यक्षात ती विषुववृत्तावर किंचित फुगलेली आहे (६,३७८ किमी, ध्रुवांकडे ६,३५७), त्यामुळे उत्तर फार तर अर्ध्या टक्क्याने चुकतं. ५०० किमीला अडीच किमी. दोन संकेतस्थळांवरचे आकडे किंचित वेगळे दिसले तर कारण बहुधा हे असतं, किंवा शहराचा मध्य कुठे धरला हे. लंडनचं अंतर चॅरिंग क्रॉसपासून मोजायची प्रथा आहे, पॅरिसचं नोत्र-दामसमोरच्या शून्यबिंदूपासून, टोकियोचं निहोनबाशी पुलापासून. शहर चाळीस किलोमीटर पसरलेलं असेल, तर "शहरापासून शहरापर्यंत" या शब्दांतच चाळीस किलोमीटरची ढिलाई आहे. असल्या ठिकाणी दशांश चिन्हापुढचे आकडे देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

एककांचा घोळही इथेच निस्तरतो. विमानवाले सागरी मैलात बोलतात, १ सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. रस्त्याचा मैल १,६०९ मीटर. नुसतं "मैल" लिहिलेला आकडा कुठून आला ते न पाहता किलोमीटरमध्ये फिरवला, तर १५ टक्क्यांचा फटका बसतो.

आता रस्ता. रस्त्याचं अंतर सूत्रातून निघत नाही, ते मोजावंच लागतं. तरी ठोकताळा आहे: हवाई अंतराला १.२ ते १.४ ने गुणा. माद्रिद–बार्सिलोनाला हा गुणक १.२३ येतो, म्हणजे रस्ता चांगलाच सरळ आहे. पूर्ण चौकटीच्या रस्त्यांच्या शहरात, जिथे फक्त आडवं-उभं जाता येतं, तिथे तो सर्वात वाईट दिशेला १.४१ आणि सरासरीने १.२७ येतो, हे शुद्ध भूमितीतून निघतं. म्हणजे रस्त्यांचं जाळं दाट असेल तर गुणक फारसा हाताबाहेर जात नाही.

जातो कधी? मध्ये पाणी किंवा डोंगर आला की. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयरिस आणि उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ यांच्यात हवाई अंतर जेमतेम २०० किमी. पण मध्ये प्लाता नदीचं समुद्राएवढं मुख आहे, आणि रस्त्याने वर चढून पूल ओलांडून खाली यायचं तर ६०० किमीच्या आसपास होतात. गुणक तीन. चिलीतलं सँटियागो आणि अर्जेंटिनातलं मेंदोसा यांच्यातही हवाई अंतर २०० किमीपेक्षा थोडं कमीच, रस्ता साधारण ३६० किमी. पण तो अँडीजमधून ३,००० मीटरच्या वर चढतो, वर सीमेवरची तपासणी, आणि हिवाळ्यात बर्फ पडला की खिंड बंद. विमान तासाभरात पलीकडे. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते नकाशा बघणाऱ्यालाही लागू आहे.

माझी स्वतःची फजिती याच जातीची. ट्रकच्या कामात नवीन असताना शंभरेक शहरांच्या जोड्यांचा तक्ता भराभर हवा होता, म्हणून मी सगळ्या हवाई अंतरांना सरसकट १.३ लावून मोकळा झालो. सपाट भागात तक्ता छान चालला. डोंगराच्या दोन बाजूंना असलेल्या एका जोडीला मात्र मी चार तास लिहिले होते आणि गाडी पोचली नऊ तासांनी. चालक काहीच बोलला नाही, नुसता तक्ता माझ्यासमोर ठेवून निघून गेला. तेव्हापासून गुणक लावण्याआधी मी एकदा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा उघडतो.

आणि काही जोड्यांना रस्त्याचं अंतर नसतंच. अलास्कातून निघालेला पॅन-अमेरिकन महामार्ग पनामा आणि कोलंबियाच्या मधल्या डेरियनच्या जंगलात साधारण शंभर किलोमीटर तुटलेला आहे. त्यामुळे पनामा सिटी ते बोगोता हे हवाई अंतर ८०० किमीच्या आत असलं तरी सलग रस्ता नाही. पेरूमधलं इकितोस हे लाखो वस्तीचं शहर, पण बाकी देशाशी रस्त्याने जोडलेलं नाही. तिथे विमानाने जा नाहीतर नदीतून बोटीने. अशा जोडीला एखादी आपोआप तयार होणारी यादी बिनधास्त "रस्त्याने इतके किमी" असं छापते, तेव्हा समजावं की कुणीतरी माझ्यासारखाच १.३ लावून मोकळा झालाय.

आता वेळ, आणि आधी विमानाची.

जेट विमान उंचीवर ताशी ८३० ते ९०० किमी जातं, म्हणून लोक ५०० ला ८५० ने भागतात आणि पस्तीस मिनिटं काढतात. पण विमान त्या वेगाने किती वेळ असतं? दहा हजार फुटांच्या खाली बहुतेक ठिकाणी वेगाला २५० नॉटची मर्यादा आहे, म्हणजे ताशी ४६३ किमी. वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं. उतरणीचा वैमानिकांचा जुना आडाखा असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल हवेत. ३५,००० फुटांवरून १०५ सागरी मैल, म्हणजे जवळपास १९५ किमी आधी उतरायला लागायचं. चढण आणि उतरण मिळून साडेतीनशे-चारशे किलोमीटर गेले. ५०० किमीच्या उड्डाणात सपाट पल्ला उरतो तो चहा वाटण्यापुरता.

शिवाय वेळापत्रकातली वेळ हवेतली नसतेच. तिला ब्लॉक टाइम म्हणतात: विमानाच्या चाकांचे चॉक (चाकं अडवणारे ठोकळे) काढून ते जागेवरून हललं तिथपासून, पलीकडे जाऊन परत चॉक लागेपर्यंत. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावर फाटकापर्यंतची फेरी त्यात आली. मी वापरतो तो ठोकताळा: अंतर भागिले ८००, अधिक ४० मिनिटं, फार लांबच्या पल्ल्याला ८०० च्या जागी ८५०. माद्रिद–बार्सिलोनाला ७६ ते ७८ मिनिटं येतात, वेळापत्रक सव्वा तासाच्या आसपास सांगतं. सिंगापूर ते न्यूयॉर्क, सुमारे १५,३०० किमी, १८ तास ४० मिनिटं येतात. तिथल्या जाहीर वेळा साधारण तेवढ्याच असतात.

दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण आहे, २.७ किमीचं, जगातलं सर्वात छोटं नियमित उड्डाण. तिथे अर्थातच हा ठोकताळा नाक घासतो. वारा चांगला असला तर विमान मिनिटाभरातच पलीकडे टेकतं.

एक गोष्ट आतली म्हणून सांगतो. ब्लॉक टाइममध्ये पदरचा थोडा वेळ घातलेला असतो. आधीच्या हंगामातली प्रत्यक्ष उड्डाणं पाहून, बहुतांश फेऱ्या वेळेत बसतील एवढी मुदत ठरवतात. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत फाटकाला लागलेलं विमान "वेळेवर" धरायची पद्धत आहे. त्यामुळे कधीकधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं आणि लोक वैमानिकाचं कौतुक करतात. कौतुक करा, पण थोडं वेळापत्रक करणाऱ्याचंही असू द्या.

वाऱ्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. मध्यम अक्षांशांवर, विमानं उडतात त्याच उंचीच्या आसपास, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात. जपानमधले हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून ते नोंदले होते. बिचाऱ्यांनी अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला आणि बाहेर फारसा कुणी वाचला नाही. लंडन–न्यूयॉर्क हे अंतर दोन्ही दिशांना सुमारे ५,५५० किमीच आहे, पण पूर्वेकडे येताना साधारण सात तास आणि पश्चिमेकडे जाताना आठच्या आसपास लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग मध्येच ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता, तरी ध्वनीचा वेग काही ओलांडला नव्हता. वाहत्या नदीत पोहणारा काठावरच्या माणसाला वेगवान दिसतो, तसंच. खऱ्या अर्थाने ध्वनीपेक्षा वेगवान असलेल्या कॉन्कॉर्डचा याच वाटेवरचा विक्रम फेब्रुवारी १९९६ मधला, २ तास ५३ मिनिटांचा.

लोकांना वाटतं, जाताना तोटा आणि येताना फायदा, हिशेब फिटला. फिटत नाही. ४,५०० किमी, विमानाचा वेग ९००, वारा १००: वाऱ्यासोबत साडेचार तास, वाऱ्याविरुद्ध ५ तास ३७ मिनिटं. बेरीज दहा तास सात मिनिटं, आणि वारा नसताना बरोबर दहा. सात मिनिटं गेली, कारण वारा विरुद्ध असताना आपण जास्त वेळ हवेत असतो. हळू तुकडा पुन्हा जिंकला.

उड्डाण-नियोजन करणारा म्हणूनच सर्वात छोटी वाट शोधत नाही, सर्वात कमी वेळेची आणि इंधनाची शोधतो. अटलांटिकवरचे मार्ग तर वारा पाहून रोज नव्याने आखले जातात. आणि कधी वाट वाऱ्यापेक्षा राजकारण ठरवतं. हेलसिंकी ते टोकियो हे उड्डाण रशियावरून नऊ-साडेनऊ तासांत होत असे. फेब्रुवारी २०२२ नंतर ते आकाश बंद झालं आणि विमानं उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेचा वळसा घालून जाऊ लागली, सुमारे तेरा तास. दोन शहरांमधलं हवाई अंतर तेवढंच राहिलं, सुमारे ७,८०० किमी. या जोडीसाठी कुठल्याही तक्त्यात अजून नऊ तास दिसले, तर तो तक्ता जुना आहे किंवा नुसत्या भागाकाराने केलेला.

घड्याळांचा गोंधळही होतो. तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या स्थानिक असतात. त्यांची सरळ वजाबाकी करू नका. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान हिवाळ्यात लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी १० ला उतरतं. दोन्ही वेळा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत फिरवा: निघणं ८ वाजता, पोचणं १८ वाजता, प्रवास दहा तास.

रस्त्यावर वेगळी मजा आहे. समजा एकूण ३३० किमी: ३०० किमी महामार्ग ताशी १०० ने आणि दोन्ही टोकांना मिळून ३० किमी शहरातून ताशी २० ने. महामार्गाला तीन तास, शहरांना दीड तास. आता महामार्गावर गाडी ताशी १२० ने हाणली तर अर्धा तास वाचतो. तोच अर्धा तास शहरात २० ऐवजी ३० चा वेग मिळाला तरी वाचतो, म्हणजे फक्त गर्दीची वेळ टाळून निघालात तरी. जिवावर उदार होऊन ३०० किमीत जे कमवायचं, ते ३० किमीत गजर तासभर आधी लावून मिळतं. ट्रकचालकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. पहाटे तीनला निघणारा चालक वेडा नसतो.

नकाशाचं ॲप देतं ती वेळ चाकं फिरत असल्याची आहे. थांबे तिच्यात नसतात. युरोपीय संघात मालवाहू गाडीच्या चालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाला नऊ तासच चालवता येतं, आठवड्यातून दोनदा दहा. मोटारीला असा नियम नसला तरी शरीराला असतो. मी दर दोन तासांना पंधरा मिनिटं धरतो, आणि दहा तासांच्या वर आकडा गेला की त्यात रात्रीचा मुक्काम धरतो, मग कुणी कितीही फुशारकी मारो. सीमा ओलांडायची असेल तर तिथल्या रांगेचा वेगळा तुकडा लिहायचा. तिथला वेग शून्य असतो, म्हणून तो तुकडा सर्वात महाग.

विमान की गाडी हे ठरवताना मग काय करायचं? विमानाच्या दोन्ही टोकांचा जमिनीवरचा वेळ मांडा: विमानतळापर्यंत जाणं, आधी पोचणं, तपासणी, सामानाची वाट पाहणं, शहरात शिरणं. देशांतर्गत प्रवासाला मी सव्वातीन तास धरतो. त्यात वरचा ठोकताळा मिळवला, आणि रस्त्यासाठी १.२५ चा गुणक व थांब्यांसकट ताशी ८० ची सरासरी धरली, तर दोघांची बरोबरी हवाई अंतर सुमारे २७५ किमी असताना होते. रस्त्याने तेच ३४० किमी आणि सव्वाचार तास. त्याच्या आत गाडी, त्याच्या पुढे विमान. हा आकडा ताणला जातो. मध्ये एक विमान बदलून तीन तास वाढले, तर बरोबरीची रेघ रस्त्याच्या ६०० किमीवर जाते. विमानतळ दूर असला तरी तेच. टोकियोच्या नावावरचा नारिता शहरापासून साठेक किलोमीटरवर आहे, तर हानेदा पंधरावर. फ्रँकफुर्टचं नाव लावलेला हान विमानतळ तर फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किमी. तिकीट काढताना शहराचं नाव वाचून खूश होऊ नका, विमानतळाचं नाव नकाशावर शोधा.

माद्रिद–बार्सिलोना या रेघेच्या बरंच पुढे आहे, त्यामुळे विमान गाडीला मागे टाकतं: विमानाने चार-साडेचार तास, गाडीने सहा आणि वर थांबे. तरी त्या मार्गावर मी दोन्ही सुचवणार नाही. २००८ पासून तिथे वेगवान रेल्वे अडीच-तीन तासांत मध्यवस्तीतून मध्यवस्तीत नेते, आणि तिच्या दोन्ही टोकांना हळू तुकडेच फार कमी आहेत.

तक्ता करणारच असाल, तर प्रत्येक जोडीला एकच आकडा लिहू नका. मी पाच रकाने ठेवतो: शहर-मध्यांमधलं हवाई अंतर, नेमके कुठले विमानतळ धरले, मोजलेला रस्ता, विमानाचा ब्लॉक टाइम दोन्ही दिशांना वेगळा, आणि दारापासून दारापर्यंतची वेळ, तीही चांगल्या दिवसाची आणि वाईट दिवसाची. शेवटच्या रकान्यात दोन आकड्यांमध्ये तिपटीचा फरक पडला, तर त्या रस्त्यावर खिंड, फेरीबोट किंवा सीमा आहे हे न बघताही सांगता येतं.